दोन देशांच्या दप्तरांतील एक पूर्वज

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून १९३० पर्यंतच्या काळात सुमारे बारा ते तेरा लाख स्वीडिश माणसे मायदेश सोडून उत्तर अमेरिकेत गेली. १८५० साली स्वीडनची एकूण लोकसंख्याच पस्तीस लाखांच्या आसपास होती, हे लक्षात घेतले म्हणजे या स्थलांतराचा आवाका ध्यानात येतो. त्यामागची कारणे इतिहासकारांनी सविस्तर मांडली आहेत. १८१४ नंतर देशाला युद्ध ठाऊक राहिले नाही, देवीच्या लसीमुळे बालमृत्यू घटले आणि बटाट्याच्या लागवडीमुळे थोड्या जमिनीवर जास्त तोंडे जगू लागली. परिणामी १७५० ते १८५० या शंभर वर्षांत लोकसंख्या जवळपास दुप्पट झाली, जमीन मात्र होती तेवढीच राहिली. भावाभावांत वाटण्या होऊन तुकडे पडत गेले, भूमिहीन मजुरांची संख्या फुगली आणि १८६७ ते १८६९ या काळात पिके बुडाल्यावर लोक झुंडीने बंदरांकडे निघाले.

या स्थलांतराचे लोकमानसातले चित्र मुख्यतः विल्हेल्म मोबेरी या कादंबरीकाराने घडवले. १९४९ ते १९५९ या काळात प्रसिद्ध झालेल्या त्याच्या चार कादंबऱ्यांतील कार्ल ऑस्कर आणि क्रिस्टिना हे स्मोलंड प्रांतातल्या खडकाळ रानात राबून थकलेले तरुण जोडपे मिनेसोटात जाऊन नव्याने संसार उभा करते. आजही स्वीडिश वंशाची अमेरिकन कुटुंबे आपल्या पूर्वजाची कल्पना करतात ती बहुधा याच साच्यात: गरीब, तरुण, देवभीरू आणि निष्कलंक. हा साचा खोटा नाही, परंतु त्यात न बसणारी माणसेही बोटीवर होतीच. त्यांपैकी एकाची कागदपत्रे सुदैवाने अभ्यासकांनी दोन्ही देशांत तपासली आहेत, आणि तीही तो स्वतः मोठा होता म्हणून नव्हे, तर त्याचा नातू जगप्रसिद्ध झाला म्हणून. मे १९२७ मध्ये न्यूयॉर्क ते पॅरिस हे अंतर साडेतेहतीस तासांत एकट्याने, कुठेही न थांबता विमानाने पार करणारा चार्ल्स लिंडबर्ग हा तो नातू; आणि पूर्वज म्हणजे १८०८ साली जन्मलेला ओला मोन्सन, जो १८५९ साली स्वीडन सोडताना गरीबही नव्हता, तरुणही नव्हता आणि निष्कलंक तर नव्हताच.

ओलाचे गाव गोर्डलोसा. ते स्वीडनच्या दक्षिण टोकाला असलेल्या स्कोने या सुपीक प्रांतात, स्मेडस्टॉर्प या पॅरिशमध्ये येते. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीत येणारा गावांचा समूह, आणि त्या काळी तेच स्थानिक प्रशासनाचेही एकक होते. स्कोनेतील शेतीव्यवस्था ओलाच्या बालपणापासूनच पालटत होती. शेतकऱ्याच्या जमिनीचे गावभर विखुरलेले पट्टे एकत्र करून प्रत्येकाला सलग जमीन द्यावी, असा कायदा या प्रांतासाठी १८०३ मध्ये झाला होता. या सुधारणेने गावगाडा मोडला, कारण दाटीने वसलेली घरे उचलून ज्याने त्याने आपापल्या रानात बांधावी लागली. पण ज्यांच्याकडे बऱ्यापैकी जमीन होती आणि हिशोबाची जाण होती, त्यांचे मात्र फावले. ओला या दुसऱ्या वर्गातला होता. स्वतःच्या मालकीची शेती, इंगार यॉन्सडॉटर ही पत्नी, सात मुले आणि पंचक्रोशीत मान, असा त्याचा चाळिशीपर्यंतचा संसार होता.

वंशावळ शोधणाऱ्याला पहिली अडचण येते ती नावांची. मोन्सन हे आडनाव नव्हे, तर ओला हा मोन्स नावाच्या माणसाचा मुलगा एवढाच त्याचा अर्थ. म्हणून ओलाच्या मुलांची नावे मोन्सन न राहता ओल्सन अशी होत, आणि इंगारने लग्नानंतरही आपल्या वडिलांच्या नावाची खूण सोडली नाही. मराठी माणसाच्या तीन पदरी नावातले आडनाव काढून टाकावे आणि वडिलांच्या नावावरच सारा व्यवहार चालवावा, तशी ही पद्धत होती. ग्रामीण स्वीडनमध्ये ती विसाव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत टिकली. १९०१ च्या कायद्याने घराण्याचे कायम नाव घेणे सार्वत्रिक केले. तोवर एकेका पॅरिशमध्ये ओला, नील्स, पेर आणि मोन्स यांच्या जोडण्यांतून तयार झालेली एकाच नावाची डझनभर माणसे सापडतात.

ही गुंतागुंत सुटते ती चर्चच्या दप्तरामुळे. १६८६ च्या चर्च कायद्याने पाद्र्यांवर जन्म, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदी ठेवण्याची सक्ती केली होती, आणि त्यांच्या जोडीला गृहपरीक्षा नोंदवही नावाचा एक विलक्षण दस्तऐवज विकसित झाला. पाद्री ठरावीक काळाने प्रत्येक घरातल्या माणसांना बोलावून त्यांचे वाचन आणि ल्यूथरच्या धर्मप्रश्नोत्तरीचे ज्ञान तपासत असे आणि ज्याच्या त्याच्या नावापुढे खुणांनी शेरा मारत असे. त्याच पानावर जन्मतारीख, माणूस कोणत्या गावाहून आला आणि कोणत्या गावाला गेला, देवी काढल्या आहेत का, प्रभुभोजनाचा विधी कधी घेतला, अशा नोंदी शेजारी शेजारी येत. कुणाचा स्वभाव भांडखोर असला किंवा कुणावर खटला झाला असला, तर तेही समासात उतरत असे. मोलकरणीपासून जमीनदारापर्यंत कोणीच त्यातून सुटत नसे. सामान्य माणसाचा इतका बारकाईने ठेवलेला हिशोब त्या काळच्या जगात फार थोड्या देशांत सापडतो, आणि तो ठेवण्यामागे इतिहासाची आस्था नसून केवळ माणसांवर नजर ठेवण्याची हौस होती, हेही मान्य केले पाहिजे.

१८४७ मध्ये ओला मोन्सन स्वीडनच्या संसदेत, म्हणजे रिक्सडागमध्ये, निवडून गेला. तेव्हाची संसद आजच्यासारखी नव्हती. उमराव, धर्मगुरू, नगरवासी आणि शेतकरी अशा चार वर्गांची चार स्वतंत्र सभागृहे होती, आणि त्यांतले शेतकऱ्यांचे सभागृह हे युरोपात अपवादात्मक होते. जमीन धारण करणारा, नांगरावर हात ठेवणारा माणूस कायदे करताना उमरावाच्या बरोबरीने एक मत मोजून घेतो, ही गोष्ट शेजारच्या देशांत फारशी दिसत नव्हती. १८६६ मध्ये ही चतुर्वर्गीय रचना मोडून द्विगृही संसद आली. ओला १८५८ पर्यंत सभासद होता आणि त्याने उदारमतवाद्यांची बाजू धरली. याच वर्षांत स्वीडनमध्ये चाबकाच्या शिक्षा, मालकाने नोकराला मारण्याचा हक्क, चर्चबाहेर प्रार्थनेसाठी जमण्यावरची बंदी, ज्यूंवरची बंधने आणि अविवाहित स्त्रियांचे कायदेशीर सज्ञानत्व या प्रश्नांवर वाद झडत होते. पंचवीस वर्षे पूर्ण केलेल्या अविवाहित स्त्रीला न्यायालयात अर्ज करून स्वतःची मुखत्यारी मिळवण्याची सोय झाली ती १८५८ मध्ये. त्याआधी अविवाहित स्त्री, तिचे वय काहीही असो, सामान्यतः कोणाच्या तरी पालकत्वाखालीच गणली जाई.

त्याचे घर फिरले ते बँकेमुळे. स्वीडनची मध्यवर्ती बँक १६६८ मध्ये स्थापन झाली तेव्हापासून ती राजाच्या नव्हे, तर संसदेच्या अखत्यारीत होती, आणि त्यामुळे संसद सभासदांना बँकेच्या कारभारात स्थान मिळत असे. एरवी शेतकरी बँकेच्या कारभारात कसा शिरला, हे कोडेच वाटले असते. ओला माल्मो शहरातील शाखेच्या व्यवस्थापनात होता. कर्जासाठी येणारे शेतकरी त्याच्याच मुलखातले, त्यातले अनेक त्याचे मतदार, आणि अर्जाची शिफारस करणारा व मंजुरीच्या खोलीत बसणारा माणूस एकच, अशी ही मांडणी होती. अशा जागी आर्जव, उपकार आणि मोबदला यांच्यातल्या सीमारेषा पुसट व्हायला वेळ लागत नाही. लाचखोरी आणि अपहार असे आरोप त्याच्यावर आले आणि न्यायालयीन कारवाई त्याच्या विरोधात गेली. संसदेत त्याने शत्रू जोडले होते, त्यामुळे या प्रकरणाला राजकीय वैराची धार होती हे संभवनीय आहे. तथापि वैऱ्यांनी खटला उचलून धरला म्हणून आरोप आपोआप खोटे ठरत नाहीत, आणि पुढे अमेरिकेत त्याच्या वंशजांमध्ये रुजलेली छळ झालेल्या सुधारकाची प्रतिमा सावधपणेच घ्यावी लागते.

त्याच सुमारास दुसरी गाठ पडली होती. स्टॉकहोममधील वास्तव्यात ओलाचे लोविसा कार्लेन या तरुण वेट्रेसशी संबंध जुळले. ती विशीच्या आसपासची, तो पन्नाशीचा. जानेवारी १८५९ मध्ये त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव कार्ल ऑगस्ट. विवाहित पुरुषाचे असे संबंध स्वीडिश कायद्याने तेव्हा गुन्हाच होते आणि तो गुन्हा कायद्याच्या पुस्तकातून गेला तो थेट १९३७ मध्ये. ज्या संसदेने अविवाहित स्त्रीला सज्ञान होण्याची वाट उघडी केली, तिच्या एका सभासदाच्या अपत्याची ही आई, पंचविशी गाठलेली नसल्यामुळे, त्या सोयीच्या कक्षेतच येत नव्हती.

१८५९ मध्ये ओला, लोविसा आणि तान्हे मूल यांनी अमेरिका गाठली. देश सोडायला तेव्हा पासपोर्ट लागत असे. ती अट पुढच्याच वर्षी उठली. इंगार आणि सात मुले गोर्डलोसातच राहिली. स्थलांतराच्या इतिहासात निघून गेलेल्याचे चरित्र लिहिले जाते, मागे राहिलेल्याचे फार क्वचित. वस्तुतः इंगारच्या वाट्याला आलेले ओझे कमी नव्हते: नवऱ्याची बदनामी गावभर, तीही अशा समाजात जिथे पाद्री प्रत्येक घराची खडान्खडा नोंद ठेवतो, आणि घटस्फोट झालेला नसल्यामुळे ती कागदोपत्री विवाहित, पण प्रत्यक्षात एकटी. पुढील काही वर्षांतच तिचा मृत्यू झाला. नातवाच्या कीर्तीमुळे लिहिल्या गेलेल्या अनेक चरित्रांत तिच्या वाट्याला एखादे वाक्य येते, आणि ते पुरेसे नाही.

अमेरिकेत उतरलेला माणूस ऑगस्ट लिंडबर्ग या नावाने वावरू लागला, लोविसाची लुईझा झाली आणि कार्लचा चार्ल्स. झाड, डोंगर, ओढा असे दोन निसर्गवाचक शब्द जोडून केलेली नावे स्वीडिश नगरवासी व सुशिक्षित वर्गात आधीपासून रूढ होती. सैनिकही भरती होताना असे वेगळे नाव घेत. नाव बदलणे ही म्हणूनच एरवी संशयाची गोष्ट नव्हती, आणि या सर्वसाधारण प्रथेच्या आड ऑगस्टचा खास हेतू सहज झाकला गेला. अमेरिकन जनगणनेने त्याला हातभारच लावला, कारण त्या दशकांतील जनगणनेच्या तक्त्यात जन्मस्थान म्हणून फक्त देशाचे नाव लिहिले जाई. ज्या माणसाची स्वीडनमध्ये गावासकट नोंद होती, तो मिनेसोटाच्या कागदावर केवळ स्वीडनमध्ये जन्मलेला शेतकरी उरला. आजही वंशावळ शोधणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचे घोडे नेमके इथेच अडते: मूळ नाव आणि पॅरिश या दोन गोष्टी हाती आल्याखेरीज स्वीडनचे समृद्ध दप्तर त्यांच्यासाठी बंदच राहते. वेक्शो या गावी १९६५ मध्ये स्थापन झालेल्या स्थलांतरितांच्या संशोधन संस्थेचे मोठे काम हा सांधा जुळवण्याचेच राहिले आहे.

मिनेसोटाला राज्याचा दर्जा मिळून तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते आणि तिथे रेल्वेचा एकही मार्ग सुरू झालेला नव्हता. लिंडबर्ग कुटुंब स्टर्न्स काउंटीत मेलरोजजवळ स्थिरावले. हा मुलूख बहुतांशी जर्मन कॅथलिक वसाहतकऱ्यांचा, त्यामुळे स्वीडिश शेजाराची ऊब त्यांना फारशी लाभली नाही. जुनी ओळख निघू नये असे ज्याला वाटते त्याला अशी जागा सोयीचीही असते. ओंडक्यांचे घर उभारणे आणि गवताळ जमीन फोडणे ही पहिली कामे. प्रेअरीची, म्हणजे उंच गवताने झाकलेल्या त्या सपाट मैदानाची, जमीन मुळांच्या जाळ्याने अशी घट्ट विणलेली असते की साधा नांगर तिच्यात शिरत नाही; त्यासाठी जड पोलादी फाळाचा नांगर आणि बैलांच्या एकाहून अधिक जोड्या लागत. मतदारांनी संसदीय कामाबद्दल दिलेले सुवर्णपदक ऑगस्टने या नांगराच्या बदल्यात देऊन टाकले, अशी हकिगत कुटुंबात सांगितली जाई. पन्नाशी उलटलेला, सभागृहात भाषणे करण्याची सवय झालेला माणूस पुन्हा पहिल्यापासून नांगर धरतो, यात पश्चात्ताप किती आणि जिद्द किती हे ठरवता येत नाही, पण शरीराची कसोटी मात्र नक्कीच होती.

ती कसोटी १८६१ मध्ये अधिकच अघोरी झाली. ओंडक्यांच्या घराऐवजी फळ्यांचे घर बांधावे म्हणून ऑगस्ट सॉक सेंटर येथील लाकूड कापण्याच्या गिरणीत गेला असता तोल जाऊन फिरत्या करवतीवर पडला. डावा हात खांद्याजवळ चिरडून लोंबू लागला आणि पाठीत खोल खाच पडली. शेजाऱ्यांनी त्याला बैलगाडीतून घरी आणले. जवळचा डॉक्टर सेंट क्लाउडला, म्हणजे सुमारे पन्नास किलोमीटरवर, आणि रस्ते म्हणजे चाकोऱ्या. तो पोहोचेपर्यंत दोन-तीन दिवस गेले. तोवर लुईझा थंड पाण्याने जखमा धूत राहिली आणि मांसात घुसलेले कापडाचे तुकडे व लाकडाचा भुसा काढत राहिली. अखेर डॉक्टरने हात कापला. कापलेला हात पुरण्याआधी ऑगस्टने तो मागवून घेतला, उजव्या हाताने त्याचा पंजा हातात घेऊन निरोप घेतला आणि मग तो अंगणाच्या मातीत पुरला गेला, असे घराण्यात सांगत आले. या हकिगतीला थोडा मीठमसाला लागला असेल. मात्र त्यानंतरची तीस वर्षे त्याने एका हाताने शेती केली आणि त्यासाठी अवजारे स्वतःच्या सोयीने बदलून घेतली. विशीतल्या लुईझावर या काळात काय येऊन पडले, याची कल्पना करता येते: भाषा परकी, मूल लहान, नवरा अंथरुणावर आणि दाराशी मिनेसोटाचा हिवाळा.

पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १८६२ मध्ये, डकोटा युद्ध पेटले. डकोटा ही या प्रदेशातली मूळ जमात. १८५१ च्या करारांनी तिच्याकडून दक्षिण व पश्चिम मिनेसोटातील प्रचंड जमीन घेण्यात आली होती, त्या बदल्यात ठरलेली वार्षिक रक्कम वेळेवर मिळत नव्हती, आलीच तर मधले व्यापारी ती कापून घेत आणि १८६२ च्या उन्हाळ्यात लोक अक्षरशः उपाशी होते. वसाहतींवर हल्ले सुरू होताच लिंडबर्ग कुटुंब होते नव्हते ते बैलगाडीत घालून सेंट क्लाउडला पळाले. युद्ध चिरडले गेले, डिसेंबरात मॅनकेटो येथे अडतीस डकोटा पुरुषांना एकाच वेळी फाशी देण्यात आली आणि उरलेल्यांना राज्याबाहेर घालवण्यात आले. त्याच वर्षी मंजूर झालेल्या होमस्टेड कायद्याने कसणाऱ्याला पाच वर्षे वस्ती केल्यावर १६० एकर जमीन नाममात्र शुल्कात देऊ केली. स्वीडिश पूर्वजाच्या कष्टाची गाथा गाताना ही जमीन मोकळी कशी झाली, हा प्रश्न स्थलांतरितांच्या कौटुंबिक इतिहासांतून बहुधा गाळला जातो. खुद्द मोबेरीच्या कादंबऱ्यांत मात्र डकोटांची उपासमार आणि त्यांचा उठाव यांना जागा मिळाली आहे.

लिंडबर्ग कुटुंब मेलरोजला परतले आणि हळूहळू ऑगस्टच्या अंगचे जुने गुण वर आले. कागद वाचता येणारा, कायद्याची भाषा कळणारा माणूस नव्या वस्तीत दुर्मीळ असतो. तो टाउन क्लार्क, म्हणजे स्थानिक सभेचा चिटणीस झाला, पोस्टमास्तर झाला, आणि जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे किरकोळ तंटे व लहान गुन्हे चालवणारा स्थानिक न्यायाधिकारीही झाला. एका देशाच्या न्यायालयाने ज्याला दोषी मानले, त्याला दुसऱ्या देशातल्या शेजाऱ्यांनी न्यायासनावर बसवले. त्यांना पहिली गोष्ट ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. लुईझाला आणखी सहा मुले झाली. इंगारच्या मुलांपैकीही काहीजण पुढे बापाच्या मागे मिनेसोटात आले. ऑगस्ट आणि लुईझा यांचा रीतसर विवाह झाला तो थेट १८८५ मध्ये, इंगारच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी.

लुईझाचा थोरला मुलगा आणि पुढच्या वैमानिकाचा बाप चार्ल्स ऑगस्ट हा लहानपणी शाळेपेक्षा रानात अधिक रमला, कारण एकहाती बापाच्या घरात बदके, हरणे मारून आणण्याचे काम त्याच्याकडे होते. विशीच्या सुमारास तो फादर कोगन या कॅथलिक धर्मगुरूंच्या ग्रोव्ह लेक येथील शाळेत दाखल झाला, १८८३ मध्ये मिशिगन विद्यापीठातून वकील झाला आणि १९०७ ते १९१७ अशी दहा वर्षे अमेरिकी काँग्रेसमध्ये मिनेसोटाचा प्रतिनिधी राहिला. मोठ्या बँकांच्या मक्तेदारीविरुद्ध त्याने आयुष्यभर झुंज दिली. १९१३ मध्ये त्याने या विषयावर पुस्तक लिहिले आणि पहिल्या महायुद्धातील अमेरिकेच्या प्रवेशाला विरोध करून लोकांचा रोषही ओढवून घेतला. शेतकऱ्यांच्या बाजूने सभागृहात उभे राहण्याची बापाची तऱ्हा मुलात उतरली, असे म्हणायचा मोह होतो. पण बापाचे माल्मोचे प्रकरण आणि मुलाचा बँकांवरचा राग यांचा कार्यकारणसंबंध दाखवणारा पुरावा नाही, आणि मिनेसोटातल्या कर्जबाजारी शेतकऱ्यांची रोजची गाऱ्हाणी हे त्या रागाचे पुरेसे कारण आहे.

ऑगस्ट १८९३ मध्ये वारला, म्हणजे वैमानिक नातवाच्या जन्मापूर्वी नऊ वर्षे. विमानोड्डाणानंतर वार्ताहरांना आणि चरित्रकारांना लिंडबर्ग घराण्याच्या मुळांविषयी कुतूहल निर्माण झाले आणि तेव्हाच स्वीडनमधील दप्तरे खऱ्या अर्थाने उघडली गेली. मिनेसोटाच्या इतिहासकार ग्रेस ली न्यूट यांनी १९३० च्या दशकात या कुटुंबाच्या आगमनाचा अभ्यास करून १९३९ मध्ये लेख प्रसिद्ध केला. स्कॉट बर्ग यांच्या १९९८ च्या चरित्राने खटला, पहिले कुटुंब आणि विवाहबाह्य जन्म या गोष्टी सर्वसामान्य अमेरिकन वाचकापुढे सलगपणे आणल्या. २००३ मध्ये डीएनए चाचणीतून असेही सिद्ध झाले की वैमानिक लिंडबर्गला स्वतःलाही जर्मनीत एका स्त्रीपासून झालेली तीन अपत्ये होती आणि त्यांना तो टोपणनावाने भेटत असे. आजोबा आणि नातू यांच्यातले हे साम्य पाहून रक्ताचा गुण शोधणारे लेख तेव्हा निघाले, पण दोघांची परिस्थिती मुळातच वेगळी होती. आजोबाने पहिला संसार टाकला तो उघड बदनामीनंतर, आणि तो परतला नाही. नातवाने एकही संसार टाकला नाही. ऐन कीर्तीत असताना विमानाच्या तिकिटावर तो दोन्हीकडे येत-जात राहिला. १८५९ मध्ये अटलांटिक ओलांडणे म्हणजे मागचे दार कायमचे लावून घेणे होते. शंभर वर्षांनी तसे राहिले नाही, आणि ते तसे न राहण्यात नातवाच्या १९२७ च्या उड्डाणाचाही वाटा होता.